आधी ते पातेलं गॅसवरून उतरवा

सप्रेम नमस्कार.

गोड्या पाण्यातले मासे मी बारा वर्षं पाळतोय, पण समुद्री टाकीने तीन महिन्यांत पुरता घाईला आणलंय. टाकी २०० लिटरची. २५ किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला समुद्री दगड, आणला, दिसायला छान जांभळट. खाली सात सेंटिमीटर बारीक लाइव्ह सँड, म्हणजे तशीच जिवंत म्हणून विकली जाणारी वाळू. जोडीला गोड्या टाकीवरचा जुना कॅनिस्टर फिल्टर. स्वच्छतेत मी कुठंही कमी पडत नाही. दर दोन आठवड्यांनी दगड बाहेर काढून नळाखाली ब्रशने घासतो, वाळूही बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुतो. तरी अमोनिया ०.५ पीपीएमच्या खाली उतरत नाही, नायट्राइट कायम दिसतं, नायट्रेट ४०. दोन क्लाऊनफिशपैकी एक गेला. डॅमसेल माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आलेत. टाकीत आणखी दोन हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आहेत, ते मात्र मजेत. दगडातून केसाळ किडे निघतात. तपकिरी छोटी फुलं उगवलीत, उपटली की दुप्पट होतात. एका दगडावर बटणांसारख्या चपट्या फुलांचा गालिचाच आहे. एक मित्र म्हणतो, दगड अर्धा तास उकळ, सगळी घाण मरेल. दुसरा म्हणतो, टाकीत तांब्याचं औषध घाल. रविवारी मोठ्या पातेल्यात दगड उकळायचा बेत आहे. लाइव्ह रॉकने पाणी खरंच शुद्ध होतं का, की नुसती हवा? दगड किती हवा, वाळू किती?

— खाऱ्या पाण्याने पोळलेला

नमस्कार.

बाकीचं सगळं नंतर. आधी रविवारचा बेत रद्द करा. दगड उकळायचा नाही. अर्धा तास नाही, पाच मिनिटंही नाही. कढत पाणी ओतायचं नाही, ओव्हनमध्ये ठेवायचा नाही, मायक्रोवेव्हचं तर नावही काढू नका.

तो बटणांचा गालिचा तुम्ही जाता जाता सांगितलात, पण माझी नजर तिथेच अडकली. वर्णनावरून ते झोअँथिड, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातले फुलांसारखे प्राणी, किंवा त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ असावेत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि निसर्गातल्या सगळ्यांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. हवाई बेटांवर हाना नावाच्या गावाजवळ एका खडकातल्या डबक्यात जीवघेणं शेवाळ उगवतं आणि ते भाल्याच्या टोकाला चोळतात, अशी तिथल्या लोकांत जुनी कथा होती. शोध घेतल्यावर ते शेवाळ निघालंच नाही, पॅलिथोआ निघाला. १९७१ मध्ये त्यातून हे विष वेगळं काढल्याचं जाहीर झालं. उकळल्याने ते सहजी निकामी होत नाही. वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांवर बसून ते घरभर फिरतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये अलास्कातल्या अशा घटनांची नोंद प्रसिद्ध केली आहे. घरात आणि मत्स्यालयाच्या दुकानात हे जीव हाताळताना लोकांना खोकला, धाप, ताप आणि तोंडात धातूसारखी कडवट चव असा त्रास झाला होता. असं काही तुम्हाला किंवा घरात कुणालाही जाणवलं, तर आधी मोकळ्या हवेत या, मग थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा. नुसतं 'माशांच्या टाकीचं काम करत होतो' म्हणालात तर कुणाच्या डोक्यात येणार नाही.

आता तुमचा ब्रश. नळाखाली खसाखसा घासताना तेच तुषार डोळ्यांवर आणि तोंडावर उडत होते. इतके दिवस निभावलं ते निभावलं. यापुढे त्या दगडाला हात लावताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि हाताला साधं खरचटलेलं असेल तरी त्या दिवशी राहू द्या. पाण्याखाली, आपल्या जागी, ती बटणं कुणाच्या वाटेला जात नाहीत. उलट पुष्कळ लोक हौसेने पाळतात त्यांना.

इतकं सांगून झालं, आता अमोनियाचं, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात येणाऱ्या विषाचं बघू. मला उलट एक विचारायचं आहे. बारा वर्षांत गोड्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज तुम्ही कधी नळाखाली साबणासारखा फेस येईपर्यंत चोळलात का? नाही ना. टाकीतलंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळून परत लावत असणार, कारण स्पंजमधले जीवाणू मेले तर टाकी कोसळते हे तुम्हाला पाठ आहे. समुद्री टाकीत तो स्पंज म्हणजेच तो दगड. आणि त्याला तुम्ही दर पंधरा दिवसांनी मोडीत काढताय.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, हा झाला एक भाग. दुसरा भाग जास्त क्रूर आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात जगणाऱ्या पेशीवर एकदम गोडं पाणी पडलं की ते आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. ब्रशचा मार वेगळाच. अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंचं आणखी एक दुखणं म्हणजे ते वाढतात फार सावकाश. कुजवणारे साधे जीवाणू सोयीचं मिळालं तर तासाभरात दुप्पट होतात. यांना एका दुपटीला अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. म्हणून नवी टाकी सायकल व्हायला, म्हणजे हे जीवाणू पुरेसे बसायला, चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही दुसरा आठवडा संपला की पाटी पुसता. तीन महिने झाले म्हणता, पण त्या दगडाच्या हिशेबाने तुमची टाकी अजून पंधरा दिवसांचीच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, लाइव्ह रॉक खरंच काही करतो का. करतो, आणि पुष्कळ करतो. फक्त जे करतो त्याचा त्या जांभळ्या रंगाशी काही संबंध नाही.

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, कॅल्शियम कार्बोनेटचा, आतून भाकरीच्या पापुद्र्यासारखा पोकळ-पोकळ. 'लाइव्ह' तो नाही, त्याच्यात राहायला आलेली वस्ती लाइव्ह. वरच्या कातडीवर, जिथे पाणी खेळतं आणि ऑक्सिजन पोचतो, तिथे जीवाणूंचा एक बुळबुळीत पातळ थर बसतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. यावरच त्यांचं पोट चालतं. प्रकाशाशिवाय, नुसत्या अशा रसायनांवर जीव जगू शकतात हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं. काही मिलिमीटर आत गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथे दुसरी जमात आहे. ती श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरते आणि नायट्रोजन वायू सोडते, जो पाण्यातून निघून जातो. एकाच दगडात दोन कारखाने, एक ओसरीवर आणि एक माजघरात.

हे हौशी मंडळींना कळायच्या आधी एकाने करून दाखवलं. जकार्तातले ली चिन एंग हे गृहस्थ समुद्रातून आणलेले दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर मासे आणि प्रवाळ जगवत होते. त्यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि जोरदार प्रवाह आला, त्या मांडणीला बर्लिन पद्धत म्हणतात, आणि आजच्या बहुतेक टाक्या तिच्याच लेकी-नाती.

माझं मत विचाराल तर ओसरीवरचा कारखाना शंभर टक्के भरवशाचा, माजघरातला मात्र लोक उगीच वाढवून सांगतात. दगड आहे म्हणून नायट्रेट आपोआप शून्यावर जाईल, अशा आशेवर राहू नका. त्या आतल्या जीवाणूंना सेंद्रिय कार्बनचं खाद्य लागतं, आणि पाणी आत झिरपतं तेही हळूहळू. नायट्रेटसाठी पाणी बदलणं चुकत नाही. आणि तुमचा तो ४० चा आकडा मी तर मनावरच घेत नाही. घरगुती नायट्रेट किट बहुधा आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग त्याचा रंग मोजतात. पाण्यात आधीपासूनच नायट्राइट असेल तर आकडा फुगतो. नायट्राइट शून्य झालं की परत मोजा. नायट्राइटचीही इतकी धास्ती नको. गोड्या पाण्यात ते जीव घेतं, समुद्री पाण्यात एवढं क्लोराइड असतं की माशाच्या कल्ल्यातून नायट्राइटला आत शिरायला वावच मिळत नाही.

अमोनियाचं उलट आहे. गोड्या पाण्याच्या सवयीने ०.५ हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटला असेल. पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. तुमच्या टाकीत पीएच ८.२ च्या आसपास असणार, तिथे हाच भाग सात टक्क्यांच्या घरात जातो. आकडा तोच, मार दहापटीहून जास्त. तुमचा क्लाऊनफिश त्यानेच गेला असं इथून छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण संशय तिथेच जातो.

दगड किती? जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते २४० ग्रॅमचा. तुमच्याकडे २०० लिटरला २५ किलो, म्हणजे लिटरमागे सव्वाशे ग्रॅम. पुरे झाला, आणखी आणू नका. वजन हे तसं फसवं माप आहे. भरीव, जड दगड काट्यावर भरपूर भरतो आणि आतून कामाचा नसतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला, तोडलेल्या कडेला छिद्रं दिसली, तर असा थोडा दगडही जास्त काम करतो. कधीकाळी वाढवायचाच झाला तर कोरडा किंवा कारखान्यात घडवलेला दगड घ्या. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. कठीण प्रवाळ साइटीस ह्या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, लाइव्ह रॉकचा व्यापारही त्याच कक्षेत येतो, आणि अनेक देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत. कोरड्या दगडात बिनबुलाए पाहुणे नसतात ही सोय. पण तो आधी महिनाभर खाऱ्या पाण्यात, पंप लावून वेगळा ठेवा, कारण बऱ्याच कोरड्या दगडांतून फॉस्फेट सुटतं आणि मग वर्षभर शेवाळ काढत बसावं लागतं.

रचनेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण नव्या माणसाची रचना मला न बघता सांगता येते. मागच्या काचेला टेकवलेली दगडांची भिंत. असंच असेल तर मोडा. दगडांमागून, खालून, मधून पाणी वाहिलं पाहिजे, नाहीतर ओसरीच उरत नाही, सगळं माजघरच. काचेपासून चार बोटं अंतर ठेवा, मधे बोगदे सोडा. खालचे दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू मग भोवती पसरा. वाळूवर रचलेला दगड एखादा बिळं करणारा मासा किंवा झिंगा खालून पोखरतो आणि एका रात्री ढिगारा कोसळतो. प्रवाहासाठी तासाला दोन हजार लिटर फेकणारे दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवायचे पंप) समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा, धारा मधे एकमेकींवर आपटतील अशा. कॅनिस्टर फिल्टर काढायची घाई नाही, पण त्यातले स्पंज दर आठवड्याला टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळा. त्याच्यात अडकलेला गाळ कुजून अमोनियाचीच भर घालतो. आणखी दगड न घेता वाचलेल्या पैशांत पुढे एक बरा स्किमर आणा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजण्याआधीच तो फेसाबरोबर बाहेर काढतो, म्हणजे दगडावरचा बोजा तेवढा कमी.

मग दगड स्वच्छ करायचाच नाही का? करायचा, पण बाहेर न काढता. रबरी फुग्याची मोठी पिचकारी घ्या. आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या आधी, टाकीतलंच पाणी तिच्यात भरून दगडांच्या फटींत जोराने मारा. पहिल्यांदा कराल तेव्हा राखाडी-तपकिरी ढगच उठेल, घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटांत गाळ तळाला बसायला लागतो, तेवढ्यात नळीने ओढून बाहेर काढा. एवढीच दगडाची आंघोळ.

आता वाळू. सात सेंटिमीटर ही मला मुळीच न आवडणारी जाडी. दोन-चार सेंटिमीटरची वाळू असेल तर तिच्यात खालपर्यंत ऑक्सिजन पोचतो, ती दगडाची धाकटी बहीण म्हणून काम करते आणि ढवळता येते. दहा-पंधरा सेंटिमीटरची असेल तर खाली मुद्दाम ऑक्सिजनविरहित थर तयार करायचा, नायट्रेट तिथे जिरवायचं, आणि त्या थराला पुढे वर्षानुवर्षं हात लावायचा नाही, असा त्यामागचा विचार. मोनॅकोमध्ये जाँ जोबेर यांनी वाळूखाली जाळीवर पाण्याचा रिकामा थर ठेवून ह्याच विचाराची एक वेगळी रीत बसवली होती. पण खोल वाळूला आतली वस्तीही तशीच लागते, गांडुळासारखे किडे, बारीक कवचधारी जीव, जे सतत वरखाली करत राहतात. तुमची सात सेंटिमीटर बारीक वाळू ढवळायला जाड आणि खोल म्हणायला उथळ. त्यात ती तुम्ही बादलीत धुऊन काढलेली, म्हणजे 'लाइव्ह' हा शब्द तिच्या पिशवीवरच राहिला. तसंही पिशवीतल्या लाइव्ह सँडमध्ये असतात ते थोडे जीवाणू. किडे-मुंगळे त्यात नसतातच.

ती तीन-चार सेंटिमीटरवर आणा, पण सावकाश. दर आठवड्याच्या पाणी बदलात नळीचं तोंड वाळूत खुपसून टाकीचा पाचवा-सहावा हिस्सा तेवढा ओढा, वाळू आणि पाणी दोन्ही बादलीत. पुढच्या आठवड्यात शेजारचा पट्टा. एकदम सगळी उपसू नका. खाली कुठे काळे डाग दिसले, अंड्यासारखा कुबट वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो थेट बाहेर गेला पाहिजे, टाकीत मिसळता कामा नये.

हा वास मला चांगलाच परिचयाचा आहे. पहिली टाकी एका खोलीतून दुसरीत हलवताना मी दगड एका बादलीत, पंपाशिवाय, झाकण लावून रात्रभर ठेवले होते. सकाळी झाकण उघडलं तेव्हा घरातल्यांनी खिडक्या उघडल्या आणि मला बादलीसकट बाहेर काढलं. आतली वस्ती गुदमरून मेली होती. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ह्या जीवाणूंना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तुमच्या अख्ख्या २०० लिटर पाण्यात, २५ अंशांना, एका वेळी विरघळलेला ऑक्सिजन दीड ग्रॅमही भरत नाही. प्रवाह थांबला की दगड आणि मासे एकाच तुटपुंज्या साठ्यावर तुटून पडतात. म्हणून वीज जाण्याची शक्यता असेल तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. स्किमरच्याही आधी घ्या खरं तर.

वाळूबद्दलचा आणखी एक लाडका समज मोडतो आणि पुढे जातो. अॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू पीएच धरून ठेवते म्हणतात. समुद्री पाणी ८.२ पीएचला आधीच कॅल्शियम कार्बोनेटने तट्ट भरलेलं असतं, त्यात वाळू विरघळायचं कारणच नाही. वाळू दिसायला छान म्हणून घाला, माशांना खेळायला घाला. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, मोजून तुम्हालाच राखावी लागेल.

केसाळ किडे म्हणजे ब्रिसल वर्म. ते तुमचे झाडूवाले. फटीत अडकलेलं, तुमच्या पिचकारीलाही न दिसणारं खाद्य तेच संपवतात. फक्त उघड्या हाताने धरू नका, त्यांचे केस कातडीत रुततात आणि दिवसभर आग होते. संख्या फार वाढली तर त्याचा अर्थ तुम्ही माशांना जास्त खायला घालताय. तपकिरी फुलांची गोष्ट वेगळी. ती एप्टेशिया, म्हणजे एक प्रकारचा फुलासारखा समुद्री प्राणी, आणि उपटली की मागे राहिलेल्या प्रत्येक कणातून नवी उगवते, हे तुम्ही पाहिलंतच. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्टसर पेस्ट सिरिंजमध्ये भरा, पंप बंद करा, सुई तोंडाजवळ नेऊन फूल मिटायच्या आत वर ओता. एका दिवशी तीन-चारच, कारण त्या पेस्टने पीएच चढतो. पेपरमिंट झिंगे खातात म्हणे, काही खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत.

राहिलं तांब्याचं औषध. ह्या टाकीत त्याचा एक थेंबही नको. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, म्हणजे औषध माशापर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि नंतर ते सावकाश परत पाण्यात येत राहतं. हर्मिट क्रॅब, गोगलगाई, किडे, पुढे आणाल ते प्रवाळ, सगळ्यांना ते विष. पण डॅमसेलच्या अंगावरचे ठिपके खरोखर मिठाच्या कणांसारखे सुटे-सुटे असतील तर तो समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि उपचार टाळून चालणार नाही. पीठ भुरभुरल्यासारखी बारीक पूड दिसत असेल तर तो त्याहून घाईचा, मखमली रोग. दोन्हींत मासे बाहेर काढायचेच.

एक साधी ४०-५० लिटरची काचेची टाकी उभी करा. वाळू नाही, दगड नाही. हीटर, हवेवर चालणारा स्पंज, लपायला प्लॅस्टिक पाइपचे तुकडे. डॅमसेल आणि उरलेला क्लाऊनफिश दोघंही तिकडे हलवा, ज्याच्या अंगावर ठिपके नाहीत तोसुद्धा. तांबं तिथे घाला, बाटलीवरच्या प्रमाणात, तांब्याच्या किटने रोज मोजून. त्या टाकीत फिल्टर तयार नसणार, म्हणून अमोनियाही रोज बघा आणि चढला की पाणी बदला. बदललेल्या पाण्यात तांबं त्याच प्रमाणात आधीच घातलेलं असावं. अमोनिया बांधून ठेवणारी द्रव्यं मिळतात, ती तांब्याबरोबर वापरू नका. दोन्ही मिळून माशालाच घातक ठरू शकतात.

मोठ्या टाकीत एकही मासा नसेल असे ७६ दिवस काढायचे, असा हौशी मंडळींचा रिवाज आहे. माशाच्या अंगाला चिकटल्याशिवाय त्या परजीवीचं पुढचं चक्र चालत नाही, तेवढ्यात तो उपाशी मरतो. मला तर ह्या ७६ दिवसांचा दुसराच फायदा दिसतो. तुमच्या दगडाला ब्रशशिवाय, नळाशिवाय सलग अडीच महिने मिळतील. फक्त त्याला उपाशी ठेवू नका. हर्मिट क्रॅब आत आहेत, तेव्हा बाटलीतला अमोनिया घालायचा नाही. दिवसाआड माशांच्या खाद्याची लहान चिमूट टाका, खेकडे खातील आणि उरलेलं जीवाणूंना जाईल. अमोनिया आणि नायट्राइट आठवड्यातून दोनदा लिहून ठेवा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढलेलं राहील आणि मग एखाद्या आठवड्यात एकदम पडेल. दोन्ही शून्य दिसले की चिमूट थोडी मोठी करा आणि परत शून्यावर येतंय का बघा. त्यानंतर मासे परत आणताना आधी एकच, क्लाऊनफिश. दगडावरची वस्ती जेवढं खायला मिळतं तेवढीच असते, ताटं एकदम वाढवली तर तिला वेळ लागतो. डॅमसेल दोन-तीन आठवड्यांनी. तसाही तो पहिला आला की टाकीचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो.

मासे नसलेली टाकी बघायला कंटाळा येईल म्हणाल. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल कागद लावलेली टॉर्च घेऊन बसा. लाल उजेड ह्या प्राण्यांना फारसा कळत नाही. आधी काहीच दिसणार नाही. मग काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतील, टुणकन उडी मारून थांबणारे, ते कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव. दगडाच्या एका छिद्रातून बारीक पिसांचा पंखा उघडेल आणि तुमची सावली पडली की पापणी लवायच्या आत मिटेल. त्याच फटीतून तो केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन, आज संध्याकाळी तुम्ही टाकलेल्या चिमटीतला एक दाणा हुंगत-चाचपत ओढत आत नेईल. यातलं काहीच दिसलं नाही तर तेही मला कळवा. त्याचा अर्थ ब्रशने काम फारच चोख केलंय, आणि मग एखाद्या भरवशाच्या, निरोगी टाकीतून मूठभर वाळू किंवा एक लहान दगड मागून आणावा लागेल, विरजणासारखा.

तुमच्या पत्रात एक आकडा नव्हता, पाण्याचा खारटपणा. वाफ होऊन पाणी कमी झालं की तुम्ही खारं पाणी घालता की साधं आरओचं? खारं घालत असाल तर क्षार चढतच चाललेत. भर नेहमी साध्या पाण्याची. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या साधनावर) मोजा, विशिष्ट गुरुत्व २५ अंशांना १.०२५ च्या आसपास हवं. तो आकडा, अल्कलिनिटी आणि पहिल्या दोन आठवड्यांची अमोनियाची वही एवढं पाठवा, मग स्किमर कोणत्या मापाचा घ्यायचा ते बोलू.